नातीचा प्रकल्प आणि सरहद्दीवरचा वीर



रविवारी दिवस मावळायच्या आत आमच्याकडे जेवणं उरकलेली असतात. ओटा पुसून मी ताट घेऊन तांदूळ निवडायला बसते आणि त्याच सुमारास अमेरिकेतून लेकीचा व्हिडिओ कॉल येतो. तिथे तेव्हा सकाळचे आठ वाजलेले असतात. लेक इंडियाना राज्यात, इंडियानापोलिसजवळ राहते. एरवी आमच्या गप्पा ठरलेल्या. थंडी किती आहे, दशमी केल्या का, नातीचा खोकला गेला का. पण मागच्या महिन्यातल्या एका रविवारी कॉल लागला तोच भांडणाच्या मध्यावर.

आठवीतल्या नातीला शाळेत इतिहासाचा प्रकल्प मिळाला होता. चार मुलांचा गट. विषय एका ओळीचा: जॉर्ज रॉजर्स क्लार्क हा वीर होता का? मुलांनी जुनी पत्रं, रोजनिश्या शोधायच्या, वाचायच्या आणि शेवटी आपलं मत लिहायचं. जावईबापूंचं म्हणणं, “यात शोधायचं काय? त्याच्या नावाने इथे स्मारक आहे, जिल्हा आहे, गाव आहे. वीर होता म्हणून लिही आणि मोकळी हो. आपण बाहेरून आलेली माणसं, इथल्या लोकांच्या वीराला नावं ठेवायला कशाला जायचं?” लेकीचं म्हणणं, “दोन्ही बाजू लिही, शेवटी ‘ज्याचं त्याने ठरवावं’ असं लिही. कुणी दुखावत नाही.” आणि नात रडवेली होऊन म्हणत होती, “पण मी जे वाचलं ते मला विसरता येत नाही. आज्जी, तू सांग.”

मी काय सांगणार? क्लार्क हे नाव मी पहिल्यांदाच ऐकत होते. मी म्हटलं, “बाळा, मला आठ दिवस दे. तू वाचलंस ते मलाही पाठव.” मुलाने तिचे कागद मोबाइलवर अक्षरं मोठी करून दिली, अडलं तिथे समजावून सांगितलं. त्या आठ दिवसांत जे वाचलं आणि त्यावर जे वाटलं, ते आज तुमच्यापुढे मांडते. कारण प्रश्न एका क्लार्कचा नाही. मुलं आपल्याला विचारतात, “हा माणूस चांगला होता की वाईट?” आणि आपण घाईघाईत त्यांचं तोंड बंद करतो. हा प्रश्न त्याचा आहे.

आधी त्या माणसाची गोष्ट. जन्म १७५२ चा, व्हर्जिनियातला. तरुणपणी जमिनीची मोजणी करत तो केंटकीच्या रानात आला. तेव्हा अमेरिकेचं इंग्रजांशी स्वातंत्र्ययुद्ध चाललं होतं. ओहायो नदीच्या उत्तरेचा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात होता आणि डेट्रॉइटला हेन्री हॅमिल्टन नावाचा त्यांचा अधिकारी बसलेला होता. तिथल्या मूळ रहिवाशांच्या टोळ्यांना तो दारूगोळा पुरवी आणि त्या केंटकीतल्या वस्त्यांवर छापे घालत. त्यात बायकामुलंही मरत. केंटकीतले लोक हॅमिल्टनला ‘केस विकत घेणारा’ म्हणत, म्हणजे मेलेल्यांच्या टाळूची कातडी पैसे देऊन घेणारा. त्याने असे पैसे मोजल्याचा पुरावा मिळालेला नाही, असं इतिहासकार सांगतात. पण छापे घालायला तो माणसं पाठवत होता, हे खरं.

क्लार्कने व्हर्जिनियाचा गव्हर्नर पॅट्रिक हेन्री याच्याकडून परवानगी मिळवली आणि १७७८ मध्ये पावणेदोनशेच्या आसपास माणसं घेऊन तो निघाला. ४ जुलैच्या रात्री त्याने मिसिसिपीकाठचं कास्कास्किया हे गाव घेतलं, तेही एकही गोळी न झाडता. गावातले लोक फ्रेंच कॅथलिक. ते भीतीने गारठले होते. क्लार्कने त्यांना सांगितलं की तुमच्या धर्माला, तुमच्या चर्चला हात लावणार नाही. शब्द दिला आणि पाळला. गावचे धर्मगुरू फादर जिबो त्याच्या बाजूने झाले आणि पुढचं व्हिन्सेन्स गावही न लढता मिळालं. हे वाचताना मला तो माणूस आवडला, हे मी लपवणार नाही.

डिसेंबरात हॅमिल्टनने व्हिन्सेन्स परत घेतलं आणि थंडी सरेपर्यंत तिथल्या किल्ल्यात मुक्काम ठोकला. भर हिवाळ्यात कोण चालून येणार, असं त्याला वाटलं. क्लार्क आला. १७७९ च्या फेब्रुवारीत सुमारे १७० माणसं घेऊन, त्यातली जवळपास निम्मी फ्रेंच, तो कास्कास्कियाहून निघाला. अंतर सुमारे २९० किलोमीटर. नद्यांना पूर आलेले, मैलोगणती पाणीच पाणी. गारठलेल्या पाण्यातून, कुठे कुठे छातीएवढ्या, माणसं बंदुका डोक्यावर धरून चालली. शेवटी शेवटी खायलाही काही उरलं नाही. तेव्हा क्लार्क २६ वर्षांचा होता. आपल्या घरातली २६ वर्षांची मुलं डोळ्यांसमोर आणा, म्हणजे हे किती मोठं होतं ते कळेल.

आता एक गोष्ट सांगते. ती कुठल्याही पुतळ्यावर कोरलेली नसेल, पण क्लार्कने स्वतः आपल्या आठवणींत लिहून ठेवलेली आहे. २३ फेब्रुवारीला, गाव हाकेच्या अंतरावर आलं तेव्हा, भुकेने आणि थंडीने माणसं उभी राहू शकत नव्हती. तेवढ्यात पाण्यातून एक होडी गावाकडे जाताना दिसली. होडीत तिथल्या मूळ रहिवाशांच्या बायका आणि पोरं होती. सैनिकांनी होडी पकडली. तिच्यात रानगव्याचं थोडं मांस, थोडा मका, चरबी आणि पातेली मिळाली. त्याची पेज करून आधी सगळ्यात अशक्त माणसांना पाजली. माणसं सावरली आणि मग गावाकडे निघाली.

मैत्रिणींनो, पातेल्यात काय होतं ते आपण कधी शिजवणार नाही, ते सोडून द्या. पण कुणीतरी घरी पोरांना घालायला म्हणून नेत असलेलं ते अन्न होतं. त्या बायकांचं पुढे काय झालं, त्या रात्री त्यांच्या पोरांनी काय खाल्लं, हे मला त्या कागदांत सापडलं नाही. ज्या सैन्याचा पराक्रम शाळेत शिकवतात, ते सैन्य त्या बायकांच्या अन्नावर उभं राहिलं.

दुसऱ्या दिवशी, २४ फेब्रुवारीला, छापा घालून परतणारी एक टोळी व्हिन्सेन्सला पोचली. किल्ला वेढला गेलाय हे तिला माहीत नव्हतं. क्लार्कच्या माणसांनी काहींना तिथेच मारलं, काहींना पकडलं. पकडलेल्यांना बांधून किल्ल्याच्या दारासमोर आणलं आणि आतल्या शिपायांच्या डोळ्यांदेखत चार-पाच जणांना कुऱ्हाडीने मारून नदीत फेकलं. क्लार्कने हे लपवलेलं नाही. इंग्रज आपल्याला वाचवू शकत नाहीत, हे त्यांच्या मित्रटोळ्यांना दिसावं, असा त्यामागे हिशेब होता. त्याच्या माणसांतही सूड पेटलेला होता. कुणाचा भाऊ, कुणाची बायको अशाच छाप्यांत गेलेली होती. दुसऱ्या दिवशी हॅमिल्टन शरण आला.

नात अडली ती इथे. ती विसरू शकत नाही म्हणाली, ते हेच.

या प्रसंगाच्या तीन नोंदी मुलांना वाचायला मिळाल्या. एक क्लार्कची स्वतःची, एक त्याच्याच सैन्यातला अधिकारी बोमन याची रोजनिशी आणि एक शत्रूची, म्हणजे हॅमिल्टनची. हॅमिल्टनने लिहिलंय की क्लार्क बोलणी करायला आला तेव्हा हातावरचं रक्त धूत होता. हे खरं मानायचं का? हॅमिल्टन हरलेला होता, नंतर बेड्यांत पडला होता, त्याला राग असणारच. मुलांच्या शिक्षिकेने बरोबर विचारलं म्हणे, “लिहिणाऱ्याचं यात काय अडकलंय, ते आधी बघा.” पण हातावरचं रक्त सोडून दिलं तरी बांधलेल्या माणसांना मारलं, यावर तिन्ही नोंदींचं एकमत आहे. शत्रू आणि मित्र एकाच गोष्टीवर एकच सांगतात, तेव्हा ती गोष्ट घडली असं धरायला हरकत नाही.

आणि एक बारीक गोष्ट. पकडलेल्यांत अंगाला रंग फासलेला एक गोरा तरुणही होता. तो क्लार्कच्याच सैन्यातल्या एका फ्रेंच अधिकाऱ्याचा मुलगा निघाला. बापाने गयावया केली आणि मुलाचा जीव वाचला.

“तेव्हाचा काळ वेगळा होता, आजचे मापदंड लावू नका,” असं जे म्हणतात, जावईबापूही म्हणाले, त्यांना माझं उत्तर या मुलात आहे. दया म्हणजे काय हे त्या दिवशी तिथे सगळ्यांना माहीत होतं. आपला निघाला त्याला ती मिळाली. बाकीच्यांचे बाप तिथे नव्हते, एवढाच फरक. मापदंड आजचे नाहीत, तेव्हाचेच आहेत. फक्त ते सगळ्यांना सारखे लावले गेले नाहीत.

काहीजणी म्हणतील, आपण अहिंसा मानणारी माणसं, आपल्याला सगळेच सैनिक सारखे, मग यात ठरवायचं काय? तसं नाही. श्रवणबेळगोळची बाहुबलींची मूर्ती घडवून घेणारा चामुंडराय हा सेनापतीच होता. आपल्याकडे श्रावकासाठी हिंसेचे चार प्रकार सांगितले आहेत. स्वयंपाक, झाडलोट करताना घडते ती आरंभी, शेती-व्यापारात घडते ती उद्योगी, स्वतःच्या, घराच्या, देशाच्या रक्षणासाठी नाइलाजाने घडते ती विरोधी आणि मारायचं ठरवून मारलं ती संकल्पी. संसारी माणसाने निदान ही शेवटची तरी पूर्ण सोडावी, असं आपण लहानपणापासून ऐकतो. आपल्या घरावर छापा घालणाऱ्याशी लढणं आणि हात बांधून बसवलेल्या माणसाला मारणं, या दोन गोष्टी आपल्या शास्त्राने कधी एका टोपलीत टाकल्या नाहीत. म्हणून मला हा प्रश्न अवघड वाटला नाही. पुरातून चालणं हे धाडस. वस्त्यांचं रक्षण करू पाहणं समजण्यासारखं. बांधलेल्यांना मारणं हे पाप. तिन्ही एकाच माणसाने केलं, तेही एका महिन्यात.

गोष्ट तिथे संपत नाही. १७८० च्या उन्हाळ्यात इंग्रज आणि त्यांच्या मित्रटोळ्यांनी केंटकीतल्या दोन वस्त्या जिंकून शेकडो माणसं कैद करून नेली. त्याचा बदला म्हणून ऑगस्टमध्ये क्लार्क हजारेक माणसं घेऊन ओहायो नदीपलीकडे शॉनी लोकांच्या गावांवर गेला. चिलिकोथी आणि पिक्वा ही गावं जाळली आणि शेकडो एकरांवरचा उभा मका कापून, जाळून टाकला. पिक्वाच्या लढाईत त्याचाच आजोळकडचा एक भाऊ मेला. तो शॉनींच्या कैदेत होता, गोळीबार चालू असताना आपल्या माणसांकडे धावत आला आणि गोळी लागून पडला. १७८२ च्या नोव्हेंबरात क्लार्क पुन्हा गेला, पुन्हा गावं आणि धान्य जाळून आला.

शॉनींमध्ये मक्याची शेती बायका करत. पेरणी, खुरपणी, काढणी, साठवण, सगळं त्यांच्याच हातचं. ऑगस्टमध्ये पीक जाळलं म्हणजे डिसेंबरात घरात काय उरणार, हे सांगायला कुणी सेनापती लागत नाही, तुम्ही-मी सांगू शकतो. लढाईत किती पुरुष पडले याचे आकडे इतिहासात मिळतात. रिकाम्या कणगीचे मिळत नाहीत. नातीला मी एवढंच सांगितलं, “तुझ्या प्रकल्पात मक्याला एक परिच्छेद दे.”

आता त्याचा शेवटही ऐका, कारण तोही खरा आहे. मोहिमेसाठी धान्य, दारूगोळा उधारीवर घेताना क्लार्कने स्वतःच्या सह्या दिल्या होत्या. व्हर्जिनियाने ती बिलं मानली नाहीत. पावत्या नीट नाहीत, असं सांगण्यात आलं. सावकार मागे लागले, जमिनी गेल्या, दारू वाढली. १८०९ मध्ये झटका येऊन तो शेकोटीत पडला, भाजलेला पाय कापावा लागला. पुढे लुइव्हिलजवळ बहिणीने त्याला आपल्या घरी सांभाळलं आणि तिथेच १३ फेब्रुवारी १८१८ ला तो गेला. त्या बहिणीच्या घरीही गुलाम राबत होते, हे नातीने मला आठवणीने सांगितलं. हरवल्या म्हटलेल्या त्याच्या पावत्यांची गाठोडी त्याच्यानंतर जवळजवळ शतकाने व्हर्जिनियाच्याच सरकारी दप्तरात सापडली. ज्या सरकारसाठी तो लढला, त्याने त्याला असं वागवलं. हे वाचून मला वाईट वाटलं. ज्याच्यावर रागावलो त्याच्याबद्दल वाईटही वाटू शकतं, हे मुलांना कळू द्यायला हवं.

पुतळ्यांचं काय झालं, तेही मजेशीर आहे. व्हिन्सेन्सला, जुना किल्ला होता तिथे, सोळा खांबांचं भव्य दगडी स्मारक आहे. १९३६ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट त्याच्या समारंभाला आले होते. ते आजही उभं आहे. आणि ज्या व्हर्जिनियात तो जन्मला, तिथल्या शार्लट्सव्हिलमध्ये विद्यापीठाच्या आवारात १९२१ पासून त्याचा घोड्यावर बसलेला पुतळा होता, समोर दबलेले मूळ रहिवासी. तो जुलै २०२१ मध्ये काढून टाकला. माणूस एकच. एका राज्यात स्मारक, दुसऱ्यात रिकामी जागा. मोठ्यांचंच ठरत नाही आणि आपण आठवीतल्या पोरांकडून हो की नाही मागतो.

म्हणून माझं पहिलं मत हे, की “वीर होता का?” हा प्रश्न मुलांना विचारण्याची पद्धतच थोडी चुकते. त्याने काय काय केलं, कुणासाठी केलं, कुणाला भोगावं लागलं, असं एकेक करून विचारावं. मी तांदूळ निवडते तेव्हा खडे आहेत म्हणून सगळा तांदूळ उकिरड्यावर टाकत नाही आणि तांदूळ चांगला आहे म्हणून खड्यांसकट शिजवतही नाही.

दुसरं मत माझ्या लेकीला उद्देशून. “दोन्ही बाजू आहेत, ज्याचं त्याने ठरवावं” हे उत्तर दिसायला समजूतदार आहे, पण त्यात पळवाट आहे. आपल्यातही पुष्कळजण अनेकांताचा असाच सोयीचा अर्थ लावतात, की कुणालाच चूक म्हणायचं नाही. अनेकांत म्हणजे सगळ्या बाजूंनी बघा. डोळे मिटा असं कुठे म्हटलंय? सगळ्या बाजूंनी बघितल्यावर जे दिसतं ते बोलायला हवं. किल्ल्याच्या दारातल्या त्या माणसांच्या बाजूने बघितलं तर तिथे ‘दुसरी बाजू’ काय आहे? क्लार्कचा हिशेब समजून घेता येतो. समजून घेणं म्हणजे बरोबर म्हणणं नव्हे.

तिसरं मत जावईबापूंसाठी, आणि हे लिहिताना मला जपून लिहावं लागतंय, कारण त्यांची काळजी खोटी नाही. परक्या देशात राहणाऱ्या माणसाला मान खाली घालून राहावंसं वाटतं. आपल्या मुलीला कुणी वेगळं समजू नये असं वाटतं. पण मी त्यांना विचारलं, “तुमचं घर ज्या जमिनीवर आहे ती आधी कुणाची होती?” त्यांना माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. नातीने शोधून सांगितलं. आजचं इंडियानापोलिस जिथे आहे तो मुलूख डेलावेअर म्हणजे लेनापे लोकांनी १८१८ च्या करारात सोडला. क्लार्क गेला त्याच वर्षी. मग ते लोक पश्चिमेला निघून गेले आणि तीन वर्षांत तिथे राजधानीचं शहर आखलं गेलं. १८३८ मध्ये इंडियानातल्याच साडेआठशेच्या वर पोटावाटोमी लोकांना बंदुकीच्या धाकाने कॅन्ससकडे चालवत नेलं. वाटेत चाळीसहून अधिक मेले, त्यात बरीचशी लहान मुलं. हे क्लार्कने केलेलं नाही, तेव्हा तो हयातही नव्हता. पण ज्या वाटेने हे झालं तिचा पहिला टप्पा त्याचा होता. त्या जमिनीवरच आपली लेक सुखाने संसार करते आहे. मग हा इतिहास ‘त्यांचा’ कसा? गृहप्रवेशाला आपण ज्या भूमीला नमस्कार केला, तिची गोष्ट मुलीने शोधली तर तिला गप्प का करायचं?

आणि आपण तरी काय करतो? माझ्या सासरी, सोलापूरला, शेजारी एक बंगाली कुटुंब होतं. त्यांच्या आजी नातवाला झोपवताना एक अंगाईगीत म्हणायच्या. त्यात बर्गी येण्याची भीती होती. एकदा मी विचारलं, “बर्गी म्हणजे कोण हो?” त्या जरा संकोचल्या आणि म्हणाल्या, “तुमचेच लोक.” १७४२ पासून नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालमध्ये वर्षानुवर्षं जात राहिल्या, त्या फौजांचे स्वार ते बर्गी, म्हणजे आपले बारगीर. शाळेत आम्ही मराठी दौडी अटकेपर्यंत गेल्याचं छाती फुगवून शिकलो होतो. आपल्या दौडींनी कुणाची पोरं दचकून उठत असतील, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. त्या आजींनी आरोप केला नाही, भांडल्या नाहीत. पुरणपोळीची वाटी परत देताना भरून द्यायच्या. पण ते दोन शब्द मी विसरले नाही. त्यामुळे माझं स्वतःच्या इतिहासावरचं प्रेम कमी झालं नाही. डोळे मात्र उघडले. इंडियानातल्या मुलांचेही उघडले तर त्यांचं राज्य काही बुडणार नाही.

आठ दिवसांनी रविवारी मी नातीला हेच सगळं थोडक्यात सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि मग मलाच एक गोष्ट सांगितली. ती माझ्या सगळ्या बोलण्याहून मोठी होती.

ती म्हणाली, “आज्जी, किल्ल्यासमोर मारलेल्यांपैकी एकाचं नाव मला मिळालं. तो ओटावा लोकांचा सरदार होता, मॅकुटे माँग. आणि ते नाव कुणी लिहून ठेवलं माहिती आहे? हॅमिल्टनने. ज्याला सगळे दुष्ट म्हणायचे त्याने.”

मी गप्पच झाले. ज्याच्या शब्दावर विश्वास ठेवू नका म्हणून केंटकीचे लोक सांगत, त्याच्याच कागदात मेलेल्या माणसाचं नाव उरलं. हॅमिल्टनला सोडून दिलं असतं, ‘तो शत्रू, तो खोटं बोलणार’ म्हणून त्याचे कागद बाजूला ठेवले असते, तर ते नावही बुडालं असतं. सगळ्यांचं वाचायचं ते यासाठी. बाकीच्यांची नावं तिला मिळाली नाहीत. प्रकल्पात तिने त्यांच्यासाठी रिकाम्या ओळी ठेवल्या आहेत.

निष्कर्षावर चौघांचं एकमत झालं नाही. गटातला एक मुलगा व्हिन्सेन्सच्या बाजूचाच. तो म्हणाला, माझ्या मते तो वीरच, त्याच्याशिवाय हे राज्य झालं नसतं. नातीने लिहिलं की त्याने मोठं धाडस केलं आणि मोठा अपराधही केला, आणि ज्याने अपराध केला त्याला मी वीर म्हणणार नाही, शूर म्हणेन. शिक्षिकेने दोन्ही निष्कर्ष ठेवायची परवानगी दिली. मुलाने आणि नातीने एकमेकांचा निष्कर्ष वाचून दुरुस्त्या सुचवल्या म्हणे, आणि मग दोघं डबा खायला एकत्र बसले. मार्क अजून कळलेले नाहीत.

जावईबापूंनी तो प्रकल्प वाचला. काही बोलले नाहीत. पण उन्हाळ्याच्या सुट्टीत व्हिन्सेन्सला जाऊन येऊ, असं त्यांनी स्वतःहून म्हटलं. नातीने लगेच सांगितलं, “स्मारक बघू, पण किल्ल्याचं दार कुठे होतं ते आधी शोधायचं. आणि नदी बघायची.”

वीर आणि शूर या दोन शब्दांतला फरक मी साठ वर्षं मराठी बोलूनही असा कधी केला नव्हता. तुमच्या घरी मुलांनी असा काही प्रश्न विचारला तर घाई करू नका. “मला आठ दिवस दे” म्हणा. तेवढ्यात तेच शोधून आणतील.

जय जिनेंद्र.